कोण कोणासाठी थांबलंय?

(दृश्य: टर्मिनलची खिडकी. जॉब रांगेत लागतो, सुरू होतो, संपतो. खाली लागलेला वेळ.)

निवेदन:
एक प्रोग्राम ६४ कोअरवर, म्हणजे प्रोसेसरमधल्या गणित करणाऱ्या ६४ गाभ्यांवर, चालवला. मग १२८ वर. कोअर दुप्पट झाले, वेळ मात्र जेमतेम कमी झाला. २५६ वर नेला, तर आधीपेक्षाही जास्त वेळ लागला. समांतर संगणनात, म्हणजे एकच काम अनेक कोअरवर वाटून एकाच वेळी करण्यात, मुरलेल्यांना हे नवं नाही. मग तर्क सुरू होतात. नेटवर्क मंद असेल, कंपायलरचा पर्याय चुकला असेल, अमुक एक लूप जड असेल.

प्रोग्रामच्या शेकडो प्रती, म्हणजे प्रोसेस, एकाच वेळी चालू असताना कोण कोणासाठी खोळंबलंय, हे नुसता कोड वाचून कळत नाही. ते मोजावं लागतं. आणि मोजणं हे असं काम आहे, की शेजारी जाणकार बसलेला असावा, समोर आपला कोड असावा आणि कीबोर्डवर आपलेच हात असावेत.

संगणक-रचनाकार जीन अॅम्डाल यांनी १९६७ साली मांडलेला हिशेब सगळ्यांना पाठ असतो: प्रोग्रामचा ५ टक्के भाग समांतर होत नसेल, तर कितीही कोअर लावा, वेग २० पटींच्या पुढे जाणार नाही. पण ते ५ टक्के कोडच्या कुठल्या ओळींत आहेत, ते हे सूत्र सांगत नाही. ते शोधण्यासाठी साधनं लागतात.

(दृश्य: प्रशिक्षणाची खोली. लॅपटॉप, मोठा पडदा.)

निवेदन:
ही साधनं बनवणाऱ्या संस्थांचा एक गट आहे, व्हीआय-एचपीएस. जर्मनीतलं युलिशचं संशोधन केंद्र, आखेन आणि ड्रेस्डेनची तंत्रविद्यापीठं, अमेरिकेतलं टेनेसी विद्यापीठ ही त्यातली सुरुवातीची नावं. २००८ पासून हा गट ट्यूनिंगच्या, म्हणजे प्रोग्रामचा वेग सुधारण्याच्या, कार्यशाळा घेतो. इथे शिकवायला साधनं लिहिणारेच येतात, आणि शिकणाऱ्यांनी आपापला कोड आणावा असा आग्रह असतो. माझ्या मते या प्रशिक्षणाची सगळी ताकद या दोन गोष्टींत आहे.

सुरुवात मात्र सगळ्यांसाठी एकाच कोडवर होते. नासाच्या समांतर बेंचमार्क संचातला, म्हणजे वेग तपासायच्या नमुना प्रोग्रामांतला, बीटी-एमझेड. यात गणिताचं क्षेत्र अनेक तुकड्यांत विभागलेलं असतं आणि ते तुकडे मुद्दाम असमान ठेवलेले आहेत. सगळ्यात मोठा तुकडा सगळ्यात लहान तुकड्याच्या सुमारे २० पट. म्हणजे कामाची वाटणी नीट झाली नाही, तर काही प्रोसेस घाम गाळणार आणि बाकीच्या त्यांची वाट बघणार. सरावाला याहून चांगलं काय मिळणार?

(दृश्य: मेकफाइल, म्हणजे कोड कसा बांधायचा याच्या सूचनांची फाइल, उघडलेली. कंपायलरच्या नावाआधी एक शब्द टाइप होतो.)

निवेदन:
पहिलं काम: कोड आहे तसा चालवायचा आणि लागलेला वेळ टिपून ठेवायचा. घाईत हेच राहून जातं, आणि मग पुढच्या कुठल्याच आकड्याची तुलना करता येत नाही.

मग मेकफाइलमध्ये कंपायलरच्या नावाआधी स्कोअर-पी या मोजणीच्या साधनाची आज्ञा लावायची आणि कोड पुन्हा बांधायचा. आता प्रत्येक फंक्शनच्या आत जाताना आणि बाहेर पडताना नोंद होते. पुन्हा रन. आणि तोच प्रोग्राम चक्क मंदावतो.

इथे थोडं थांबायला हवं, कारण प्रशिक्षणातला सगळ्यात मोलाचा धडा इथेच मिळतो. बीटी-एमझेडच्या पोटात पाच बाय पाचच्या छोट्या मॅट्रिक्सचा गुणाकार करणारी इवलीशी फंक्शन्स आहेत. त्यांचं काम क्षणात संपतं, पण त्यांना बोलावलं जातं अब्जावधी वेळा. प्रत्येक वेळी दोन नोंदी. कामापेक्षा नोंदीचाच खर्च वाढतो, आणि आपण प्रोग्राम मोजतोय असं समजून प्रत्यक्षात मोजणीचाच वेळ मोजत बसतो.

उपाय सोपा आहे. आधी नुसतं प्रोफाइल, म्हणजे कुठल्या फंक्शनला एकूण किती वेळ लागला याचा गोषवारा, काढायचं. स्कोअर-पीचंच एक छोटं साधन त्यावरून सांगतं, की संपूर्ण ट्रेस, म्हणजे प्रत्येक घटनेची वेळेसकट नोंद, घेतला तर किती जागा लागेल. मग त्या बारक्या फंक्शन्सची नावं फिल्टरच्या फाइलमध्ये लिहून ती वगळायची. जीबीच्या हिशेबातला ट्रेस एमबीच्या हिशेबात येतो, आणि वेळ पुन्हा सुरुवातीला टिपलेल्या आकड्याजवळ येतो. तो तिथे आला, की मोजणीवर विश्वास ठेवायचा. त्याआधी नाही.

(दृश्य: क्यूबची खिडकी. तीन उभे कप्पे, रंगीत चौकोन.)

निवेदन:
निकाल क्यूब या निकाल दाखवणाऱ्या साधनात उघडतो. डाव्या कप्प्यात काय मोजलं, मधल्यात कोडमध्ये कुठे, उजव्यात कुठल्या प्रोसेसवर. डावीकडे थांबण्याचा वेळ निवडला, की मधल्या कप्प्यात एमपीआयच्या (प्रोसेसनी एकमेकींना संदेश पाठवण्याच्या व्यवस्थेच्या) एखाद्या रिसीव्हजवळ, म्हणजे संदेश घेण्याच्या आज्ञेजवळ, चौकोन लाल होतो. नवखा माणूस लगेच त्या रिसीव्हवर बोट ठेवतो.

ही मात्र चोर सोडून संन्याशाला फाशी झाली. रिसीव्ह बिचारी वेळेवर आली होती. ज्या प्रोसेसनं संदेश पाठवायचा, तीच उशिरा पोहोचली, कारण तिच्या वाट्याला गणित जास्त आलं होतं. स्कलास्का हे ट्रेस तपासणारं साधन नेमकं हेच ओळखतं. मूळ प्रोग्राम जितक्या प्रोसेसवर चालला तितक्याच प्रोसेसवर ते ट्रेस पुन्हा खेळवतं, उशिरा पाठवलेला प्रत्येक संदेश शोधतं, आणि त्या खोळंब्याचं मूळ कुठल्या गणितात आहे तिथवर माग काढतं. दुखणं एका प्रोसेसवर, कारण दुसरीवर. प्रिंटच्या ओळी घालून हे हाती लागत नाही.

(दृश्य: व्हँपिरची आडवी कालरेषा. हिरवे आणि लाल पट्टे.)

निवेदन:
व्हँपिर या ट्रेस चित्रात दाखवणाऱ्या साधनात तेच डोळ्यांना दिसतं. प्रत्येक प्रोसेसची एक आडवी ओळ. हिरवं म्हणजे आपलं गणित, लाल म्हणजे एमपीआय. एका ओळीत हिरवा पट्टा लांबलेला, आणि बाकीच्या ओळींत त्याच वेळी लाल.

(दृश्य: सहभागी आपापल्या कोडवर. प्रशिक्षक एकाच्या खुर्चीशेजारी.)

निवेदन:
नंतरचा वेळ ज्याच्या त्याच्या कोडचा. कुणाला वाटणीतली असमानता सापडते, आणि ती मिटवली की दुसरीच अडचण वर येते. कुणाच्या सगळ्या प्रोसेस एकाच फाइलवर लिहिण्यासाठी खोळंबलेल्या असतात. कुणाचा कोड मेमरीतून डेटा येण्याची वाट पाहत असतो. संदेशांचा तिथे काहीच दोष नसतो. अशा कोडला त्याच नोडवर, म्हणजे समूहातल्या त्याच संगणकावर, आणखी कोअर देऊन उपयोग नाही. प्रत्येक नोडवर कमी प्रोसेस ठेवून तो पुन्हा चालवायचा, आणि मेमरीची वाट पाहण्यातला वेळ किती घटला ते नव्या प्रोफाइलमध्ये पाहायचं.