बाहुलीचा कर्ता कुठंय?

(वरळी. चाळीतली खोली, रात्र.)

बाहुलीचं डोकं पांगाऱ्याच्या लाकडाचं. हलकंच असतं, तरी अर्धा तास धरलं की मनगट भरून येतं. चीवर, भिक्खुनीचं वस्त्र, म्हणजे जुनी सुती साडी, काठ उसवून हळदीत आणि चहाच्या चोथ्यात दोनदा उकळलेली.

(जमिनीलगत, पायांचा सराव.)

खाली वाकलेल्या मुलाकडे फक्त पाय. डावा हात ताईंकडे, डोकं आणि उजवा हात दादांकडे. एका बाहुलीला तीन माणसं, ही रीत जपानच्या बुनराकू या बाहुलीनाट्याची. ओसाकात ती १७३४ मध्ये सुरू झाली. तिथं परंपरेनं दहा वर्षं पाय, मग दहा वर्षं डावा हात. इथं आठवड्यातून दोन रात्री, त्याही शेवटची लोकल सांभाळून.

दोऱ्या मुद्दामच नाहीत. आपल्याकडे कळसूत्री बाहुली म्हटली की वर दोरी ओढणारा आलाच, आणि 'सगळं त्याच्या हातात' हेही आलंच. या मंडळींचं भांडण नेमकं त्या वाक्याशी आहे. (आमचंही. म्हणून तर कॅमेरा घेऊन गेलो.)

त्यांची नायिका सेला भिक्खुनी. श्रावस्तीच्या अंधवनात ती झाडाखाली बसलेली असताना मार, साधनेतून ढळवू पाहणारा, तिला घाबरवायला येतो. विचारतो, हे बिम्ब कोणी केलं? याचा कर्ता कुठंय? बिम्ब म्हणजे आकृती, पुतळी. इथं हा देहच. संयुत्तनिकाय या पाली बौद्ध ग्रंथात सेलाचं उत्तर आहे: हे बिम्ब स्वतःचं स्वतः झालेलं नाही, दुसऱ्या कुणी केलेलंही नाही. कारणं जुळली म्हणून झालं, कारणं मोडली की थांबतं. शेतात पेरलेलं बी जसं मातीचा रस आणि ओल, दोन्ही मिळाली तरच उगवतं.

तीन माणसं कशाला, ते आता कळतं. बाहुलीतला जीव तिघांपैकी एकाचाही नाही.

(विहाराचा हॉल, बुद्धपौर्णिमा. पुढच्या रांगेत मुलं.)

शेवटचा प्रसंग. आधी पाय धरणारा बाजूला होतो. मग डावा हात सुटतो.

(वीस सेकंद निवेदन नाही.)

दादा डोकं अलगद टेकवतात आणि निघून जातात. पडदा पडत नाही.

(खोलीचं रिकामं दार.)

चाळ आता पुनर्विकासात गेली. सराव एका गच्चीवर चालतो, पावसाळ्याचं ठरायचंय.

(हॉल, प्रयोगानंतर.)

डोकं पंच्यात गुंडाळलं जातं. हात-पाय बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. चीवर तेवढं ताई घरी नेतात, धुवायला.