सिस्टरची वही
(परिचारिका दिनानिमित्त झालेल्या सत्कार समारंभातलं भाषण, थोडं संपादित करून)

मंडळी, सत्काराच्या भाषणात नर्सला 'देवदूत' म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. मी म्हणणार नाही. एक तर सिस्टर समोरच बसल्या आहेत, त्यांना ते आवडायचं नाही. दुसरं म्हणजे, माणसाला एकदा देवदूत ठरवलं की त्याचा पगार, रजा, जेवणाची वेळ यांची चौकशी करायची जबाबदारी आपोआप टळते.

तेव्हा त्या काय करतात तेवढंच सांगतो. त्यांचं पद आहे हृदयरोग विभागातल्या कोऑर्डिनेटरचं. माझ्या आईला हा शब्द कळेना. मी म्हटलं, "लग्नघरात एखादी मावशी असते बघ, फोटोत कुठे दिसत नाही, पण कोठीच्या चाव्या तिच्याकडे आणि आजोबांची गोळी कितीला हेही तिलाच ठाऊक." आई म्हणाली, "मग तसं सांग की."

हृदयाच्या पेशंटला किती हात लागतात बघा. सर्जन, भूलतज्ज्ञ, इको करणारे, लॅबवाले, जन आरोग्य योजनेची कागदपत्रं बघणारा आरोग्यमित्र, आणि शेवटी गावाकडचा माझ्यासारखा साधा फिजिशियन. प्रत्येक जण आपापलं काम चोख करतो. पेशंट घसरतो तो दोन हातांच्या मधल्या फटीत. सिस्टर त्या फटीत उभ्या असतात.

आता झडपेचं बघू. लहानपणी घसा दुखतो, ताप येतो, मग सांधे सुजतात. आठ-पंधरा दिवसांत सगळं ओसरतं आणि घरचे विसरूनही जातात. पण काही मुलांच्या हृदयाची झडप त्यात कायमची बिघडते. पुढे तिशीतल्या बाईला पाण्याची कळशी उचलताना दम लागतो आणि सासरचे म्हणतात, आळशी आहे. बऱ्याच उशिरा निदान होतं, धातूची झडप बसते. ऑपरेशन झालं, सुटलो, असं सगळ्यांना वाटतं. खरी गोष्ट तिथून पुढे सुरू होते. रक्त पातळ ठेवणारी गोळी आता जन्मभर, आणि रक्त गोठायला किती वेळ लागतो हे सांगणारी आयएनआर नावाची तपासणी वारंवार. मायट्रल, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली झडप धातूची असेल तर हा आकडा साधारण २.५ ते ३.५ मध्ये हवा. खाली गेला तर झडपेवर गुठळी होऊन पक्षाघाताची भीती, फार वर गेला तर रक्तस्रावाची.

अशाच एका बाईचा आकडा वर्षभर छान होता. श्रावणात एकदम १.४ आला. केसपेपरवर शेरा पडला, 'गोळ्या नियमित घेत नाही'. बाई रडायला लागली. सिस्टरांनी तिला बाजूला बसवलं आणि विचारलं, "सध्या घरात भाजी कसली होते गं?" टाकळा, कुर्डू, शेवग्याचा पाला. पावसाळ्यात बांधावर फुकट मिळतो, दोन्ही वेळा तोच. हिरव्या पाल्यात के जीवनसत्त्व भरपूर, आणि ते नेमकं या गोळीच्या उलट काम करतं. गोळी चुकलीच नव्हती. डॉक्टरांनी डोस बदलला. पालेभाजी बंद कर, असं सिस्टर म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "रोज खा, पण रोज तेवढीच. आठवडाभर काही नाही आणि मग टोपलंभर, असं नको." गरिबाच्या ताटातला फुकटचा पदार्थ काढून घेऊन उपचार करता येत नाही, हे मी त्या दिवशी शिकलो. माझ्या एमडीच्या पुस्तकात भाज्यांची यादी होती, बांध नव्हता.

दुसरे एक आजोबा, हृदयाचं पंपिंग कमी झालेले. अशांच्या अंगात पाणी साठतं, आणि पाय सुजायच्या आधी ते वजनात दिसतं. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर लगेच फोन करायचा, असं सांगितलेलं असतं. आजोबांच्या कागदावर सात दिवस एकच आकडा, ६२. मी म्हटलं, वा, उत्तम. सिस्टरांनी फोन लावला, "बाबा, रागवत नाही मी. पण घरात काटा आहे का?" नव्हता. आम्हाला बरं वाटावं म्हणून ते लिहून आणत होते. तेव्हापासून ते रेशन दुकानाच्या काट्यावर उभे राहतात.

याच आजोबांची लघवीची गोळी तपासणीच्या दिवशी हमखास चुकायची. कारण एसटी. अडीच तासांचा प्रवास, मध्ये उतरायची सोय नाही. डॉक्टरांना विचारून सिस्टरांनी त्या दिवसापुरती गोळीची वेळ घरी परतल्यानंतरची केली.

आणि एकदा फोन मला आला. "सर, बाबांना गुडघ्यासाठी काय दिलंत?" मी दुखण्याची गोळी दिली होती. त्या गोळ्यांनी अंगात पाणी धरतं, अशा हृदयाला त्या घातक. मला माहीत होतं, गर्दीत लक्षातून गेलं. त्यांनी ते चारचौघांत सांगितलं नाही, म्हणून आज मी सांगतो.

आधुनिक परिचर्येचा पाया घालणारी फ्लॉरेन्स नाइटिंगेल १२ मे १८२० ला जन्मली, म्हणून हा परिचारिका दिन. आपल्याला तिच्या हातातला दिवा आठवतो. पण क्रिमियाच्या युद्धात किती सैनिक जखमांनी मेले आणि किती टाळता येणाऱ्या रोगांनी, याचे तिने आकडे मांडले, तक्ते काढले. लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेची ती पहिली स्त्री सभासद. सिस्टर पेशंटांच्या फोनची नोंद ठेवतात ती वही त्याच घराण्यातली. फोन न उचलणाऱ्या पेशंटच्या नावाभोवती तांबडा गोल. तीन गोल झाले की गावच्या आशाताईला निरोप.

आपल्याकडे १९७३ पासून नाइटिंगेलच्या नावाने राष्ट्रीय पुरस्कार आहे, तो यांना मिळावा असं मला वाटतं. अडचण एवढीच, की न झालेल्या पक्षाघाताचा दाखला कोण देणार?

समितीचे सभासद पुढच्या रांगेत आहेत म्हणून दोन मागण्या. हे सगळे फोन त्या स्वतःच्या मोबाइलवरून, स्वतःच्या रिचार्जवर करतात. आणि गेल्या वर्षी मुलीच्या बाळंतपणासाठी त्या आठ दिवस रजेवर होत्या, तेव्हा वहीत आठ दिवस एकही नोंद नाही. एक फोन द्या आणि जोडीला दुसरी सिस्टर द्या.

पावणेसात झाले. लोक शेतावरून घरी येतात म्हणून त्यांचे फोन सातला सुरू होतात. सिस्टर, शाल तेवढी घ्या, आणि निघा तुम्ही.