घेतला वसा

(दृश्य: नान्नजचा माळ, पहाट. नुसता वारा.)

ऐका माळरानबाई, तुमची कहाणी.

आटपाट नगर नव्हतं, आटपाट माळ होता. सोलापुरातून बार्शीच्या रस्त्याला लागलं की वीसेक किलोमीटरवर नान्नज. तिथं कुसळी, पवन्या, मारवेल असं गुडघाभर गवत, आणि त्या गवताला एक राजा. डोक्यावर काळी टोपी, पांढरी मान, पाठ मातीच्या रंगाची. उंची मीटरभर, वजन पंधरा किलोंपर्यंत. एवढं धूड, पण उडायचं. माणसं त्याला माळढोक म्हणत.

पावसाचे ढग आले की नर उंचवट्यावर यायचा. शेपूट पाठीवर उलटलेली, गळ्याची पांढरी पिशवी फुगून भुईकडे लोंबलेली. आणि तिच्यातून घुमायचं, हूऽऽम. रिकाम्या रांजणात तोंड घालून कुणी हाक मारावी, तसं.

मादीचा वसा साधा. एका विणीला एकच अंडं. घरटं नाही, काटकी नाही, उघड्या भुईवर. महिनाभर एकटीनंच उबवायचं. अट एवढीच, की चहूकडं लांबवर दिसलं पाहिजे.

(दृश्य: जुना सातबारा. बोट एका रकान्यावर थांबतं.)

मग माळावर शाई सांडली. दप्तरात गवत नावाचं पीक नसतं. माळापुढं लिहिलं गेलं : पडीक. पोटखराब. लांडगा, खोकड, काळवीट, धाविक, चंडोल ज्या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या पोट भरत आले, ती जमीन कागदावर बिनकामाची ठरली.

पुढचं बहुतेक सगळं चांगल्या मनानं झालं, हे मुद्दाम सांगतो. या कहाणीत राक्षस शोधू नका. उजाड माळ हिरवा करायचा म्हणून त्यावर झाडं लावली. झाडं लावणाऱ्याला नावं कोण ठेवणार? पण माळढोकाला झाड म्हणजे आडोसा, आणि आडोशामागं कोण दबा धरून बसलंय, हे त्याला कसं दिसावं? उजनीचं पाणी आलं, बोअर पडले, ज्वारीच्या रानात ऊस आणि द्राक्षं उभी राहिली. नावाजलेली सोनाका द्राक्षं या नान्नजचीच. कोरडवाहू शेतकऱ्यानं बाग लावू नये, असं कुठल्या तोंडानं म्हणायचं? पाण्याच्या मोटारी आल्या, मोटारींमागं विजेच्या तारा आल्या. माळढोकाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना. समोरची तार दिसेपर्यंत जड अंग वळवायला वेळ उरत नाही.

१९६३ साली राष्ट्रीय पक्षी ठरला, तेव्हा सालिम अलींचा कौल माळढोकाला होता. मान मोराला मिळाला. नाचता तर यालाही येत होतं.

१९७९ साली अभयारण्य झालं, ८,४९६ चौरस किलोमीटरचं. गावं, शेतं, रस्ते, सगळंच त्यात. आपल्याच जमिनीचा व्यवहार अडायला लागल्यावर माणसं चिडली, आणि चिडली ती पाखरावर. २०१२ साली हद्द १,२२२ चौरस किलोमीटरवर आली. एव्हाना राजाच मावळतीला लागला होता. आता गणनेत एखादा माळढोक दिसला, तरी त्याची बातमी होते.

(दृश्य: गवतात एकटी मादी. कॅमेरा खूप लांब.)

ती उतली नाही, मातली नाही, घेतला वसा तिनं टाकला नाही. आजीच्या कहाणीत अशा बाईला देव पावायचा.

आभाळ भरून आलंय. लांबून काहीतरी घुमतं. ती मान उंच करते, उंचवट्याकडं बघते, दोन पावलं पुढं येते.

पलीकडच्या बागेत फवारणीचा ब्लोअर सुरू झालेला असतो.