काळोख पडद्यावरचा आणि मनातला

श्रोतेहो, नमस्कार.

सुपरहिरोंचे सिनेमे फार काळवंडलेत, अशी तक्रार नेहमी कानावर येते. दुसरी बाजू म्हणते, आशावादी सिनेमे पोरकट असतात. मला वाटतं, हा वाद भलत्याच जागी रंगलाय. पडद्यावर रात्र किती, ऊन किती, हे मोजून काही हाती लागत नाही. संकटात सापडलेल्या साध्या माणसावर दिग्दर्शकाचा विश्वास आहे का, ते पाहावं.

क्रिस्टोफर नोलनचा २००८ सालचा बॅटमॅनपट 'द डार्क नाइट' घ्या. नावातच काळोख. खलनायक जोकरनं दोन बोटींवर स्फोटकं ठेवलीत. एकीत नागरिक, दुसरीत कैदी, आणि दुसरी बोट उडवायची कळ प्रत्येकीच्या हातात. मध्यरात्रीपर्यंत कुणीच ती दाबली नाही, तर दोन्ही बोटी उडणार. नागरिक चक्क मतदान घेतात. कौल उडवण्याच्या बाजूनं पडतो, पण कळ दाबायला हात धजत नाही. तिकडे एक धिप्पाड कैदी पुढे येतो, ते यंत्र मागून घेतो आणि खिडकीबाहेर भिरकावतो. बॅटमॅन यांपैकी एकाही बोटीवर नाही! एवढा आशेचा प्रसंग मला कितीतरी उजळ सिनेमांत सापडलेला नाही.

२००४ च्या 'स्पायडर-मॅन २'मध्ये भरधाव रेल्वे थांबवून बेशुद्ध पडलेल्या पीटरला, म्हणजेच स्पायडर-मॅनला, प्रवासी हातोहात आत नेतात. मुखवटा नसलेला तो चेहरा पाहून ते हेलावतात, इतका तो कोवळा आहे. पाहिलेलं गुपित ठेवायचंही तेच ठरवतात.

झॅक स्नायडरच्या २०१३ च्या 'मॅन ऑफ स्टील'बद्दल माझी तक्रार इथंच आहे. सुपरमॅन खलनायक झॉडची मान मोडतो, यावर बराच गदारोळ झाला. पण त्यानंतरची त्याची किंकाळी मला खरी वाटते. खुपतं ते त्याआधीचं. एकामागून एक इमारती कोसळतात आणि एक-दोन प्रसंग सोडले, तर आत कोण होतं हे कॅमेरा विचारतच नाही.

आता मॅट रीव्हज यांचा २०२२ चा 'द बॅटमॅन'. सतत पाऊस, सतत रात्र. नायक स्वतःची ओळख 'सूड' अशी करून देतो. शेवटी एक हल्लेखोर नेमका तोच शब्द स्वतःसाठी वापरतो आणि बॅटमॅन हादरतो. मग तुंबलेल्या पाण्यात उतरून, हातात लाल मशाल धरून तो अडकलेल्या लोकांना वाट दाखवतो. जवळजवळ तीन तासांच्या या सिनेमात ऊन शोधावं लागतं. तरीही त्याला निराशावादी म्हणायला मी तयार नाही.