आईचं माहेरचं नाव: इंपीरियल काउंटीची लग्नाची वही

[पडद्यावर: पिवळं पडलेलं छापील पान, रकाने शाईने भरलेले]

हे पान जरा नीट बघा. वर कॅलिफोर्निया, खाली काउंटीचं नाव इंपीरियल, काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा समजा, आणि मग दोन उभे भाग, एक नवऱ्याचा, एक नवरीचा. नाव, राहायला कुठे, रंग किंवा वंश, वय, कितवं लग्न, जन्म कुठला, काम काय करता, वडिलांचं नाव, वडील कुठले, आईचं माहेरचं नाव, आई कुठली. बस एवढंच, पण विचार करा, १९१७ साली एका परक्या देशात शेतावर राबणाऱ्या माणसाला कोण विचारणार होतं की बाबा तुझ्या आईचं नाव काय? या एका टेबलावर विचारलं गेलं आणि त्याने सांगितलं आणि कारकुनाने कानाला आलं तसं लिहून घेतलं.

नवऱ्याचा जन्म इंडिया, नवरीचा मेक्सिको. तो पस्तिशी ओलांडलेला, ती विशीतली. नावं मी सांगणार नाही, ती त्या घरची आहेत. याच काउंटीत होल्टव्हिलजवळ राहणाऱ्या एका ताईंचे हे आजी-आजोबा. ताई सत्तरीच्या आहेत, इंग्लिश आणि स्पॅनिश बोलतात, पंजाबीतले चारच शब्द येतात आणि त्यातले दोन खाण्याचे. त्यांनी मला एकच विचारलं होतं, आजोबांच्या घरचं कुणाचं तरी नाव सापडेल का?

[पडद्यावर: कालवा, दोन्ही बाजूंना हिरवी शेतं, मागे उघडे डोंगर]

आधी जागा समजून घ्या. कॅलिफोर्नियाच्या अगदी खालच्या कोपऱ्यात, मेक्सिकोच्या सीमेला चिकटून इंपीरियल व्हॅली आहे. मूळचं वाळवंट, कोलोरॅडो नदीचं पाणी कालव्याने आणलं तेव्हा कुठे शेती सुरू झाली. १९०७ मध्ये सॅन डिएगो काउंटीतून हा भाग वेगळा काढून इंपीरियल काउंटी झाली आणि एल सेंट्रो हे तिचं मुख्य ठिकाण. हे साल लक्षात ठेवा हं, कारण १९०७ च्या आधीचं याच भागातलं लग्न शोधायचं असेल तर वही सॅन डिएगोला असणार, एल सेंट्रोला कितीही शोधलंत तरी सापडणार नाही. माणसं जागेवरच असतात, सीमा सरकते आणि कागद जुन्याच कचेरीत राहतात.

कापूस आला तसे मजूर आले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दीड दशकात पंजाबातून काही हजार पुरुष अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरले होते, बहुतेक शीख, काही मुसलमान, थोडे हिंदू, पण अमेरिकन कागदावर सगळ्यांना एकच शब्द, हिंदू. जालंधर, होशियारपूर, लुधियानाकडचे शेतकरी. आणि १९१० पासून मेक्सिकोत क्रांतीची धामधूम, घरंच्या घरं उठून उत्तरेला आली, आई, मुली, भाऊ सगळेच कापूस वेचायला. एकाच शेतात ही दोन्हीकडची माणसं भेटली. १९१७ च्या इमिग्रेशन कायद्याने हिंदुस्थानातून मजुरांचं येणं जवळपास बंदच केलं, त्यामुळे गावाकडून बायको आणायचा रस्ता संपला, आणि एकदा परत गेलं की पुन्हा आत येता येईल याची खात्री नाही.

आता लग्न कसं व्हायचं ते बघू, कारण शोधणाऱ्याला हे माहीत नसेल तर कागद हातात असूनही वाचता येत नाही. अमेरिकेत लग्नाची नोंद देशपातळीवर होतच नाही, आजही नाही. तिकडे असलेली आपली मुलं लग्न करतात तेव्हा हॉलमध्ये अंतरपाट, मंगलाष्टका सगळं होतं पण त्याआधी दोघं जाऊन काउंटी क्लार्ककडून लायसन्स घेऊन येतात, ती पद्धत हीच. क्लार्कसमोर शपथेवर माहिती द्यायची, लायसन्स घ्यायचं, ते पाद्री किंवा जस्टिस ऑफ द पीस म्हणजे गावच्या न्यायाधीशापुढे न्यायचं, त्याने लग्न लावून खाली सही करायची, साक्षीदारांची नावं लिहायची आणि तो कागद काउंटी रेकॉर्डरकडे, म्हणजे नोंदी ठेवणाऱ्याकडे, परत पाठवायचा. म्हणजे एका लग्नाला तीन तारखा असू शकतात, लायसन्सची, लग्नाची आणि नोंदीची. नुसतं लायसन्स मिळालं म्हणून लग्न झालंच असं धरू नका. खालचा भाग कोरा असेल तर एक तर लग्न मोडलं, नाहीतर लावणाऱ्याने कागद परत पाठवला नाही. खालचा भाग भरलेला असेल तरच घराण्याच्या झाडावर तारीख चढवा.

[पडद्यावर: एकच रकाना मोठा करून]

आणि हा तो रकाना. रंग किंवा वंश.

कॅलिफोर्नियाच्या कायद्याने तेव्हा गोऱ्या माणसाला काळ्या, मिश्र किंवा 'मंगोलियन' म्हणजे चिनी-जपानी माणसाशी लग्न करता येत नव्हतं आणि अशा जोडप्याला क्लार्कने लायसन्स द्यायचं नव्हतं. या यादीत हिंदुस्थानी माणसाचं नावच नव्हतं. मग तो कोण? हे ठरवणार कोण? तर खिडकीपलीकडे बसलेला कारकून, आणि तेही नुसतं बघून! दोघांची कातडी त्याला साधारण सारखी दिसली की तो दोघांपुढे एकच शब्द लिहायचा, ब्राउन, आणि लायसन्स मिळायचं. कुठे दोघांनाही व्हाइट लिहिलंय. माणूस तोच असायचा, काउंटी बदलली, क्लार्क बदलला की रकान्यातला शब्द बदलायचा. म्हणून हा शब्द वाचताना लक्षात ठेवा की हे तुमच्या पणजोबांनी स्वतःबद्दल सांगितलेलं नाही, हे समोरच्याने त्यांच्याकडे बघून ठरवलेलं आहे. मला हा रकाना वाचताना प्रत्येक वेळी त्रास होतो, कारण त्या एका शब्दावर पुढचं सगळं घर उभं राहणार होतं, पोरं, नातवंडं, मला शोधायला सांगणाऱ्या या ताईसुद्धा.

जिथे क्लार्क नकार देईल असं वाटायचं तिथे जोडपी दुसऱ्या काउंटीत, दुसऱ्या राज्यात जायची. ॲरिझोनातलं युमा अगदी जवळ, पलीकडे न्यू मेक्सिकोतलं लास क्रूसेस. पण ॲरिझोनाने १९३१ मध्ये आपल्या बंदीच्या यादीत 'हिंदू' हा शब्दच घातला, तो कायदा १९६२ पर्यंत होता. कॅलिफोर्नियात १९३३ मध्ये 'मलय' वंशाची भर घातली, म्हणजे फिलिपिनो लोकांना अडवायला. शेवटी लॉस एंजेलिसच्या अँड्रिया पेरेझ आणि सिल्व्हेस्टर डेव्हिस या दोघांना काउंटी क्लार्कने लायसन्स नाकारलं, ते कोर्टात गेले आणि १९४८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टाने ही बंदीच घटनाबाह्य ठरवली. सगळ्या देशासाठी तो निकाल यायला १९६७ उजाडलं. बघा ना, एवढी मोठी लढाई पण सुरुवात कुठून, तर काउंटीच्या खिडकीवर नाकारलेल्या एका अर्जातून.

एक गोष्ट मात्र खोडून काढायलाच हवी. अजूनही लोक म्हणतात की या पंजाबी पुरुषांनी जमिनीसाठी मेक्सिकन बायका केल्या. कॅलिफोर्नियाच्या १९१३ च्या कायद्याने ज्यांना नागरिकत्व मिळू शकत नाही अशा परदेशी लोकांना शेतजमीन घ्यायला बंदी होती, आणि १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने हिंदुस्थानी माणूस कायद्याच्या अर्थाने गोरा नाही म्हणून त्याला नागरिकत्व नाही असं सांगितलं, तेव्हा हा कायदा पंजाब्यांवर पक्का बसला. पण वहीतल्या तारखा बघा, लग्नं १९२३ च्या कितीतरी आधीपासून लागत होती. शिवाय १९२२ च्या केबल कायद्याप्रमाणे अशा माणसाशी लग्न केलं तर अमेरिकन बाईचंच नागरिकत्व जायचं, मग बायकोच्या नावावर जमीन घेऊन फायदा काय? कॅरन लेनर्ड या अभ्यासिकेने काउंट्यांच्या अशाच कागदांतून आणि घरोघरच्या मुलाखतींतून पावणेचारशेच्या आसपास जोडप्यांची माहिती जमवली, त्यातल्या पाचातल्या साधारण चार बायका हिस्पॅनिक म्हणजे स्पॅनिश बोलणाऱ्या घरांतल्या होत्या, आणि जमिनीची ही कहाणी तारखांपुढे टिकत नाही हे त्यांनीही दाखवलंय. ती माणसं एकटी होती, त्यांना घर हवं होतं. याला आणखी कारण कशाला शोधायचं?

[पडद्यावर: लॅपटॉपवर शोधाची चौकट]

आता शोधायचं कसं. फॅमिलीसर्च नावाच्या वेबसाइटवर खातं फुकट उघडता येतं, कॅलिफोर्नियाच्या काउंट्यांच्या लग्नाच्या नोंदी तिथे आहेत, मॉर्मन चर्चच्या लोकांनी वर्षानुवर्षं फिरून ही पानं मायक्रोफिल्मवर घेतली आणि नंतर स्कॅन केली. पण नुसत्या सिंग नावाने शोधलंत तर डोकं फिरेल, कारण इथे सगळेच सिंग, आणि पहिलं नाव क्लार्कने काय लिहिलं असेल याचा नेम नाही. त्यापेक्षा नवरीच्या नावाने शोधा. तिची स्पॅनिश नावं इथल्या क्लार्कच्या कानाला सवयीची, त्यामुळे ती बरीचशी बरोबर उतरलेली असतात. मी ताईंच्या आजोबांना तीन दिवस शोधत होते, आजीच्या नावाने दहा मिनिटांत पान उघडलं.

आणि इंडेक्सवर थांबू नका, मूळ पानाचा फोटो उघडाच. इंडेक्समध्ये चार-पाच गोष्टी असतात, साक्षीदार बऱ्याचदा नसतात. साक्षीदार फार महत्त्वाचे! ताईंच्या पानावर साक्षीदार म्हणून आजीची बहीण आहे आणि आजोबांचा शेतातला भागीदार आहे, आणि पुढची पानं चाळली तर काही महिन्यांनी त्याच दोघांचं लग्न. असं खूप घरांत झालं, दोन भागीदार आणि दोन बहिणी, म्हणजे शेत एक, भाषा एक, बाळंतपणाला माणूस घरातलं. वयावर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवू नका, खेड्यात जन्मलेल्या माणसाने अंदाजाने सांगितलेलं असतं. 'कितवं लग्न' या रकान्यात 'पहिलं' लिहिलेलं असलं तरी पंजाबात एक बायको वाट बघत बसलेली असू शकते. हे कळलं तर घरात सांगायचं का आणि कसं, हे तुम्ही ठरवा, पण नोंद खोडू नका.

अजून एक, लग्न जिथे लागलं कागद तिथला. आपल्या वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे इंग्रजांविरुद्धच्या गदर चळवळीत अमेरिकेच्या याच पश्चिम किनाऱ्यावर होते, पुढे मेक्सिकोत शेतीशास्त्रज्ञ झाले आणि बेल्जियमच्या जीन सिंडिक यांच्याशी त्यांचं लग्न झालं ते मेक्सिकोत, तर त्यांना अमेरिकेच्या काउंटीत शोधून काही मिळणार नाही.

त्याच इंपीरियल व्हॅलीत दलीपसिंग सौंद नावाचे शेतकरी होते. १९४६ मध्ये कायदा बदलून हिंदुस्थानी लोकांना नागरिकत्वाचा रस्ता उघडला, १९४९ मध्ये त्यांना नागरिकत्व मिळालं, मग ते वेस्टमोरलंड गावचे न्यायाधीश झाले आणि १९५६ मध्ये थेट अमेरिकेच्या काँग्रेसवर निवडून आले. ज्या काउंटीत हिंदुस्थानी माणसाचा वंश कारकून ठरवत होता तिथेच न्यायाच्या खुर्चीत पंजाबी माणूस बसला, हे लिहिताना मला अजूनही भरून येतं.

[पडद्यावर: पुन्हा पहिलं पान, सगळ्यात खालचे रकाने]

आपल्याकडे नाशिक-त्र्यंबकला उपाध्यायांच्या वह्या असतात, घराण्यांचे कुलवृत्तांत असतात, पण जुन्या पिढ्यांच्या बायकांची नावंच त्यात किती वेळा नसतात. अमुकची पत्नी, तमुकची आई, संपलं. म्हणून मला या परक्या कागदाचा हा रकाना एवढा मोलाचा वाटतो. ताईंना गाव हवं होतं, ते नाही मिळालं, आई कुठली याच्यापुढे नुसतं इंडिया लिहिलंय. पण आईचं नाव आहे. इंग्लिशमध्ये दोन शब्द, दुसरा 'कोर'. इथल्या माणसाला तो कळणारच नाही, ताईंना वाटलं हे आडनाव असेल. मी मोठ्याने वाचलं आणि लक्षात आलं, कौर आहे हे! मग पहिला शब्दही सुटला, क्लार्कने मधला स्वर बदलला होता एवढंच.

मी ताईंना नाव म्हणून दाखवलं. त्यांनी परत म्हणायला सांगितलं. तिसऱ्यांदा त्या माझ्याबरोबर म्हणाल्या, शेवटचा र त्यांच्या स्पॅनिश जिभेवर जरा जास्तच घोळला. मग कपाटातून आजोबांचा पगडीतला फोटो काढला, उलटा केला आणि पेन्सिलने मागे लिहिलं, त्यांना ऐकू आलं तसं.