विहीर खोल आहे

पुराण सांगणे हा पंडिता रमाबाईंच्या घरचा व्यवसाय होता. वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई आणि मुले तीर्थक्षेत्री देवळाच्या ओसरीत किंवा नदीच्या घाटावर बसून पोथी मोठ्याने वाचत. येणारे-जाणारे थोडे थांबून ऐकत आणि फुले, धान्य किंवा पैसा ठेवून पुढे जात. संस्कृत कळले नाही तरी ऐकल्याचे पुण्य पदरी पडते, अशी समजूत होती. त्यामुळे मध्येच थांबवून अर्थ विचारण्याची गरज कोणाला वाटत नसे.

पुढे रमाबाईंच्या वाट्याला वाचनाची अगदी निराळी तऱ्हा आली. लग्नानंतर आसामातील सिलचर येथे असताना घरातल्या पुस्तकांत त्यांना बायबलमधील लूकच्या शुभवर्तमानाची, म्हणजे येशूच्या चरित्राची, बंगाली प्रत सापडली, आणि ॲलन नावाचे एक बॅप्टिस्ट मिशनरी घरी येऊन त्यांना बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकाचा पहिला अध्याय समजावून सांगू लागले. पती बिपिनबिहारी मिशनच्या शाळेत शिकलेले असले, तरी पत्नीची ही ओढ त्यांना रुचली नाही. 1882 मध्ये त्यांच्या निधनानंतर रमाबाई पुण्यास आल्या, तेव्हा मिस हरफर्ड या मिशनरी बाईंजवळ बसून त्या इंग्रजी शिकल्या आणि मराठी नवा करार वाचू लागल्या. समोर एकच पुस्तक, दोन माणसे, आणि वाटेल तेथे थांबून विचारण्याची मुभा.

1883 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. लंडनजवळ फुलहॅम येथे समाजाने टाकलेल्या स्त्रियांची सेवा करणाऱ्या ख्रिस्ती मठातील भगिनी त्यांनी पाहिल्या आणि हे सर्व कशासाठी, असे विचारले. उत्तरादाखल एका भगिनीने योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचून दाखवला. प्रवासाने दमलेला येशू याकोबाच्या विहिरीवर बसतो आणि पाण्याला आलेल्या, यहूदी ज्यांच्याशी संबंध ठेवत नसत अशा शोमरोनी लोकांतल्या एका स्त्रीला म्हणतो, मला प्यायला पाणी दे. तुम्ही यहूदी असून माझ्याजवळ पाणी मागता हे कसे, असे ती चकित होऊन विचारते. हे आश्चर्य इंग्रज वाचकाला टीपा देऊन समजवावे लागत असेल. पण ज्या देशात कोणी कोणाच्या हातचे पाणी प्यावे यावर माणसाची पायरी ठरत असे, तेथून आलेल्या रमाबाईंना ते वेगळे सांगण्याची गरज नव्हती.

त्याच वर्षी 29 सप्टेंबरला वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला, पण प्रश्न संपले नाहीत. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव या त्रैक्याच्या सिद्धांतावर आणि चर्चच्या अधिकारावर त्यांनी वाँटेजच्या मठातील सिस्टर जेराल्डिन यांच्याशी पत्रांतून कडाक्याचा वाद घातला. भारतातील पुरोहितांचे जोखड मोठ्या कष्टाने झुगारल्यावर तसलेच दुसरे मानेवर घेण्याची आपली तयारी नाही, असे त्यांनी 1885 मध्ये स्पष्ट कळवले. शिकवणाऱ्यांची त्यामुळे किती दमछाक झाली असेल! मला मात्र या वाचनातले खरे सुख याच ओढाताणीत दिसते.

ते मी अलीकडे स्वतः अनुभवले. मी ख्रिस्ती घरात वाढलो. हा चौथा अध्याय लहानपणी रविवारच्या शाळेत पाठ केलेला. गेले काही महिने दर बुधवारी दुपारी मी शेजारच्या काकूंबरोबर योहान वाचतो. काकू वारकरी आहेत. त्यांनी वारी सोडलेली नाही, आणि त्यांनी ती सोडावी म्हणून मी त्यांच्याकडे जात नाही. त्या चष्मा पुसतात, ओळीखाली बोट धरतात आणि ओवी म्हणावी तशा संथ लयीत वाचतात. ‘आपल्याजवळ पोहरा नाही व विहीर खोल आहे’ या वाक्याशी त्या हसल्या. बाई व्यवहाराची आहे, म्हणाल्या. नाथांनी रामेश्वराला निघालेली गंगेची कावड तहानेल्या गाढवाला पाजली, ती गोष्टही त्यांनी सांगितली. मग अध्याय संपवून त्यांनी पुन्हा मागची पाने उलटली आणि विचारले, “पण मग त्याला पाणी मिळालं का रे शेवटी?”

मी शोधले. जिवंत पाण्याची गोष्ट निघते, बाईच्या पाच नवऱ्यांचा विषय निघतो, शिष्य अन्न घेऊन परततात, ती घागर तेथेच टाकून गावात धावते. पण येशू पाणी प्यायला, असे कोठेही लिहिलेले नाही. इतकी वर्षे तोंडपाठ असलेल्या गोष्टीतला हा तहानलेला माणूस माझ्या कधी ध्यानातच आला नव्हता. मी तसे कबूल केले, तेव्हा काकू उठल्या आणि त्यांनी माझ्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला.

रमाबाईंनी आयुष्याची अखेरची वर्षे केडगावच्या मुक्ती मिशन या आपल्याच संस्थेत याच पुस्तकाच्या भाषांतराला दिली. साध्या बायकांना वाचता-समजता येईल असे मराठी बायबल त्यांना हवे होते, आणि त्यासाठी त्यांनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास केला. 5 एप्रिल 1922 रोजी त्या वारल्या. पुस्तक 1924 मध्ये प्रसिद्ध झाले.

येत्या बुधवारी आमचा पाचवा अध्याय आहे. काकूंनी तो आधीच वाचून ठेवला असून एका चिठ्ठीवर प्रश्न लिहून दिला आहे: अडतीस वर्षे आजारी असलेल्या माणसाला ‘तुला बरे होण्याची इच्छा आहे काय’ असे कोणी विचारते का?