मीठ निघून गेलेली माती

निफाडच्या काळ्या रानात उन्हाळ्यात पडलेल्या, पडद्यावर दिसणाऱ्या या भेगांमध्ये मनगटापर्यंत हात सहज जातो. पावसाळा लागला की हीच माती फुगून भेगा मिटवते आणि ट्रॅक्टरची चाके धरून ठेवते. बेसाल्ट झिजून झालेली ही माती बांधकामाला त्रासदायक आहे हे खरे. मात्र ढवळली म्हणून ती पाण्यासारखी वाहू लागत नाही.

तशी वाहणारी माती नॉर्वे, स्वीडन आणि पूर्व कॅनडात आढळते व तिचा जन्म समुद्रात झालेला आहे. शेवटच्या हिमयुगाच्या अखेरीस हिमनद्यांनी दळलेला बारीक गाळ खाऱ्या पाण्यात साचला, तेव्हा मिठामुळे त्याचे चपटे कण एकमेकांना कडांनी टेकून राहिले आणि पत्त्यांच्या बंगल्यासारखी, पोकळ्यांत भरपूर पाणी धरणारी रचना तयार झाली. बर्फाचे ओझे उतरल्यावर जमीन हळूहळू वर आली, समुद्र मागे हटला आणि त्यानंतर हजारो वर्षे गोडे पाणी या थरांतून झिरपत राहिले. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 35 ग्रॅम मीठ असते. मातीच्या छिद्रांतील पाण्यात ते 2 ग्रॅमच्या आसपास किंवा त्याखाली आले की रचना उभी दिसते, पण एकदा मोडली तर कण पुन्हा एकमेकांना धरत नाहीत. हीच क्विक क्ले. मूळ स्थितीतील मातीची ताकद आणि तीच माती मळल्यानंतर उरणारी ताकद यांचे गुणोत्तर म्हणजे तिची संवेदनशीलता. नेहमीच्या चिकणमातीत हा आकडा लहान असतो, क्विक क्लेमध्ये तो 30 च्या वर जातो.

प्रयोगशाळेतील क्विक क्लेची ही वडी आता वजन पेलते आहे. पाण्याचा एक थेंबही न घालता ती पात्रात ढवळली आणि पाहा, धार लागली. त्यात चमचाभर मीठ मिसळून पुन्हा ढवळल्यावर ती घट्ट होऊ लागते.

पुढची दृश्ये हौशी कॅमेऱ्यांनी टिपलेली आहेत: नॉर्वेतील रिसा, 29 एप्रिल 1978. एका शेतकऱ्याने गोठा वाढवण्यासाठी खणलेली सुमारे 700 घनमीटर माती तळ्याच्या काठावर टाकली होती. त्या भाराने आधी काठ खचला, मग उघडी पडलेली प्रत्येक कड मागच्या कडेचा आधार काढून घेत गेली आणि घसरण तळ्यापासून उलट दिशेने शेतांत शिरली. शेवटी जमिनीचे मोठे पट्टे घरांसकट सरकले. सुमारे 33 हेक्टर जमीन गेली, एकाचा मृत्यू झाला.

नॉर्वेतीलच गेर्ड्रममध्ये 30 डिसेंबर 2020 रोजी जमीन सरकली, तिथे भराव नव्हता. चौकशी समितीच्या निष्कर्षानुसार, ओढ्याने वर्षानुवर्षे उताराचा पायथा खाल्ला होता. तिथे दहा जण दगावले.

माळीणमध्ये 30 जुलै 2014 रोजी जे कोसळले ते क्विक क्ले नव्हते. अतिवृष्टीने जड झालेला, झिजलेल्या खडकाचा तो थर होता आणि त्र्यंबक-इगतपुरीकडचे उतारही त्याच जातीचे आहेत. कारणे वेगळी असली, तरी पायथ्याचा आधार दोन्हीकडे सारखाच मोलाचा आहे. माती तपासण्याची सोय तर नाशिकमध्येच, दिंडोरी रस्त्यावरील मेरी (महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था) येथे आहे. तरीही नमुना प्रयोगशाळेत पोहोचण्याआधीच अनेकदा टेकडीचा पायथा कापलेला आणि नाल्याकाठी भराव पडलेला असतो.

नॉर्वेत धोक्याच्या उतारांवर ओढ्याच्या पात्रात दगड अंथरतात, माथ्यावरची माती उतरवतात आणि पायथ्याशी भर घालतात. या कामाला लागणारे पोकलेन आणि डंपर आपल्याकडेही आहेत. पडद्यावर आत्ता दिसणारे पोकलेन मात्र पायथ्याशी खणते आहे.